मागणी कोणाच्या सहीने पूर्ण होणार? पुण्यात स्त्री-पुरुष समानतेसाठी प्रचार आणि पाठपुरावा कसा करावा

संस्थेत, महिला मंडळात किंवा कॉलेजच्या गटात “तू बरं लिहितेस, मग पोस्टर, प्रेसनोट आणि इन्स्टाचं तूच बघ” असं जिला किंवा ज्याला सांगितलं जातं, त्या व्यक्तीसाठी हा लेख आहे. हे काम बाहेरून सोपं दिसतं. दिनविशेष आला की चित्र टाकायचं, कार्यक्रम झाला की फोटो पाठवायचे. पण शब्दांच्या आणि चित्रांच्या मागे ठोस मागणी उभी नसेल, तर वर्षभर राबूनही कोणाच्या रोजच्या जगण्यात काही बदलत नाही. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्या एकाच प्रश्नाभोवती आहेत: हे कोणाच्या सहीने होणार, आणि ती सही वर्षाच्या कोणत्या महिन्यात होते?

एक उदाहरण शेवटपर्यंत धरून ठेवू. एका पेठेलगत भाजी मंडई आहे. विक्रेत्या बायका तिथे सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत बसतात. शेजारच्या सार्वजनिक स्वच्छतागृहाचा पुरुषांचा भाग रात्री उशिरापर्यंत उघडा असतो, बायकांच्या भागाला मात्र संध्याकाळी सातला कुलूप लागतं. उदाहरण कल्पित आहे, पण पुण्यात दिवसभर घराबाहेर राहणाऱ्या बाईला ते समजावून सांगावं लागणार नाही. विक्रेत्या दुपारनंतर पाणी पिणं बंद करतात, मग उन्हाळ्यात लघवीची जळजळ, ताप, दवाखाना हे चक्र सुरू होतं.

पहिली पायरी: मागणी एका वाक्यात आणा, मग टेबल शोधा

“शहरात स्त्रियांसाठी स्वच्छतागृहं वाढली पाहिजेत” ही इच्छा झाली. तिला कोणीही अधिकारी हसून होकार देईल. मागणी अशी असते: “मंडईलगतच्या स्वच्छतागृहाचा स्त्रियांचा भाग १ एप्रिलपासून पहाटे साडेपाच ते रात्री दहा उघडा असावा, दोन्ही पाळ्यांत स्त्री कर्मचारी असावी, आतून कडी, दिवा आणि पाणी चालू असावं.” यात जागा आहे, तारीख आहे आणि पूर्ण झालं की नाही हे कोणालाही जाऊन पाहता येईल.

आता टेबल. इथे अनेक चांगल्या मोहिमा घसरतात, कारण निवेदन ‘मा. आयुक्त’ लिहून दिलं जातं आणि खाली कोणाकडे जायचं ते कळत नाही. स्वच्छतागृहाची इमारत, रोजची साफसफाई आणि बाहेरचा दिवा ही एकाच खात्याची कामं नसतात. आधी क्षेत्रीय कार्यालयात जा, आरोग्य निरीक्षकाला भेटा आणि सरळ विचारा: किल्ली कोणाकडे आहे? ठेका कोणाचा आहे? ठेक्याच्या कागदावर सही कोणाची? या तीन प्रश्नांत बहुतेक नकाशा समोर येतो.

हद्दही तपासा. पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड महापालिका, पुणे कॅन्टोन्मेंट आणि खडकी कॅन्टोन्मेंट यांचे कारभार वेगळे आहेत. हिंजवडीच्या आयटी पार्कमधल्या रस्त्यावर दिवे नाहीत म्हणून पुणे महापालिकेला लिहून उपयोग नाही, तो भाग तिच्या हद्दीत येत नाही. बसथांब्याची गोष्ट असेल तर पीएमपीएमएल, म्हणजे शहर बस चालवणारी कंपनी, ती दोन्ही महापालिकांची मिळून आहे. प्रश्न कंपनीच्या आतला असेल, समजा रात्रपाळीनंतर घरी सोडण्याचा, तर महापालिकेचा संबंधच नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार स्त्रियांना रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवायचं असेल तर त्यांची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था लागते. तिथे टेबल मालकाचं आणि कामगार खात्याचं.

दुसरी पायरी: पाहणी करा, माहिती मागवा

पोस्टरच्या आधी वही घ्या. मंडईत सकाळी, दुपारी आणि सात वाजल्यानंतर, अशा वेगवेगळ्या वेळी जाऊन बसा. कुलूप कधी लागतं, पाणी किती वाजता जातं, पुरुषांना मुतारी फुकट असताना बायकांकडून पैसे घेतात का, पॅड टाकायला डबा आहे का, दाराची कडी लागते का, व्हीलचेअर आत जाते का, हे वेळेसह लिहा. एका दिवसाची नोंद अधिकारी झटकून टाकतो. आठवड्यातल्या सगळ्या वारांची नोंद झटकणं अवघड असतं.

कोणाशी बोलता हेही महत्त्वाचं. मंडईच्या तोंडाशी गाळा असलेल्या बाईचं आणि बाहेर टोपली घेऊन बसणाऱ्या मावशींचं म्हणणं एक नसतं. टोपलीवालीला टोपली उचलली जाण्याची भीती असते, म्हणून ती तक्रारीत नाव देणार नाही. कचरा वेचणाऱ्या, पाळी सुरू असलेल्या विद्यार्थिनी, गरोदर बायका, तृतीयपंथी व्यक्ती, ज्येष्ठ स्त्रिया यांना मुद्दाम शोधून विचारा. हाताशी सापडणाऱ्या, नीट बोलणाऱ्या चारच बायकांवर मोहीम उभी राहिली तर मागणीही तेवढीच अरुंद होते.

मग माहितीचा अधिकार. कायदा २००५ चा, महाराष्ट्रात अर्जाचं शुल्क १० रुपये, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. न आल्यास किंवा अर्धवट आल्यास पहिलं अपील करायचं. प्रश्न ‘का’ने सुरू करू नका, कागद मागा. नमुना असा:

“अमुक पत्त्यावरील सार्वजनिक स्वच्छतागृहाबाबत: १) देखभालीच्या चालू कराराची किंवा कार्यादेशाची प्रत. २) करारानुसार स्त्री व पुरुष विभाग उघडे ठेवण्याच्या वेळा नमूद असलेल्या पानाची प्रत. ३) मागील सहा महिन्यांच्या कर्मचारी हजेरीपत्रकाची प्रत. ४) याच काळात ठेकेदारास अदा केलेल्या देयकांची यादी.”

करारात वेळ रात्री दहापर्यंत लिहिलेली सापडली, तर तुमची मोहीम निम्मी जिंकलेली असते. तुम्ही नवीन काही मागत नाही, महापालिकेने पैसे मोजलेली सेवा मागता.

मोठे आकडे वापराल तेव्हा ते पूर्ण वाचा. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकामात स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८, असं आलं. पण ही सरासरी त्या दिवशी घरकाम केलेल्यांचीच आहे. जे पुरुष कामाला हातच लावत नाहीत ते तिच्यात मोजलेले नाहीत. म्हणजे खरी दरी या आकड्यांहूनही रुंद आहे. ही ओळ पोस्टरवर टाकली नाही तरी तुम्हाला माहीत हवी, कारण सभेत कोणीतरी उठून “दीड तास करतातच की पुरुष” असं म्हणतंच.

तिसरी पायरी: बोलणारीची सुरक्षितता, मग गोष्ट

या पायरीवर घाई करू नका, कारण इथली चूक नंतर पुसता येत नाही.

कायद्याची चौकट आधी. बलात्कार पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. बालकांच्या बाबतीत पॉक्सो, म्हणजे बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाच्या कायद्याचं कलम २३ आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या २०१३ च्या कायद्यात, कलम १६ नुसार, तक्रारीचा मजकूर, तक्रारदार, आरोपी आणि साक्षीदार यांची ओळख आणि चौकशीची कार्यवाही प्रसिद्ध करता येत नाही. म्हणजे कंपनीतल्या तक्रारीचा ‘न्याय मिळवून दिला’ असा नावासकट पोस्ट करण्याचा मोह टाळायचाच आहे.

नाव काढलं म्हणजे ओळख लपली असं नाही. “धायरीत राहणारी, अमुक कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असलेली, वडील रिक्षा चालवणारे” एवढं लिहिलं की गल्लीला कळतं. फोटोत चेहरा धूसर केला, पण मागे दुकानाची पाटी राहिली. आवाजाचं रेकॉर्डिंग टाकलं, आणि सासरच्यांनी आवाज ओळखला. म्हणून मजकूर बाहेर जाण्याआधी एक परीक्षा घ्या: तिचा दीर हे वाचेल असं धरून चला, त्याला कळेल का?

संमती एकदाच, घाईत, कागदावर सही घेऊन मिळत नसते. आम्हाला सांगायला ती तयार आहे, ही एक संमती. नाव न देता छापायला तयार आहे, ही दुसरी. नाव-चेहऱ्यासह छापायला तयार आहे, ही तिसरी. वर्तमानपत्रात चालेल पण व्हॉट्सॲपवर नको, असंही ती म्हणू शकते आणि ते तिच्या अनुभवातून आलेलं असतं. मजकूर तिला वाचून दाखवा, छापण्याआधी दोन दिवस द्या आणि “नको” म्हणाली तर कारण विचारू नका. संस्थेचा कार्यक्रम तिच्या संमतीवर अडून राहील अशी वेळच येऊ देऊ नका, म्हणजे दबाव टाकायचं कारण उरणार नाही. स्वच्छतागृहासारख्या वरवर साध्या विषयातही हे लागू आहे. ठेकेदाराविरुद्ध बोललेल्या मावशींची टोपली दुसऱ्या दिवशी उचलली गेली, तर जबाबदारी तुमचीही आहे.

आणखी एक तयारी मोहीम सुरू होण्याआधीच हवी. हिंसेवर पोस्ट टाकली की रात्री अकराला कोणीतरी मेसेज करतं, “माझ्या घरी हेच चालू आहे.” त्या क्षणी उत्तर कोण देणार हे ठरलेलं असू द्या. तातडीचा धोका असेल तर ११२, स्त्रियांसाठी १८१, मुलांसाठी १०९८. पुणे पोलिसांचा भरोसा सेल आहे, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी आहेत, मोफत वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळतो. प्रचाराचं काम करणाऱ्याने समुपदेशक होऊ नये. पण कोणाकडे पाठवायचं ते तोंडपाठ हवं, आणि समोरचीचा फोन नवरा तपासतो का हे विचारल्याशिवाय तिला उलट मेसेज पाठवू नये.

चौथी पायरी: काय म्हणायचं आणि कसं

करणाऱ्याला वाक्यात ठेवा. “मंडईत महिलांची गैरसोय होते” या वाक्यात कोणी काही केलेलंच नाही. “ठेकेदार बायकांच्या भागाला सातला कुलूप लावतो, करारात वेळ दहाची आहे” या वाक्यात काम कोणाचं ते कळतं. हिंसेबद्दल लिहितानाही तेच. “तिच्यावर अत्याचार झाला” यापेक्षा “नवऱ्याने तिला मारलं”. तिने काय घातलं होतं, किती वाजले होते, ही माहिती बातमीत लागत नाही. तुम्ही दिली नाहीत, तर निदान तुमच्याकडून ती पसरणार नाही.

आपल्याकडे रुळलेल्या काही घोषणा आता सोडून द्यायला हव्यात. “मुलगी वाचवा, नाहीतर सून कुठून आणाल?” ही त्यातली सगळ्यात जुनी. महाराष्ट्रात ०-६ वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींचं प्रमाण २००१ च्या जनगणनेत ९१३ होतं, २०११ मध्ये ८९४ वर आलं. अशा वेळी मुलीने जगायचं कारण म्हणून तिचं सासरी जाणं पुढे करायचं, हे मला अजिबात पटत नाही. तसंच रक्ताळलेल्या अर्भकाचं चित्र. लिंगनिवड करणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, पण नियमांत बसणारा गर्भपात कायदेशीर आहे. त्या चित्राने धास्तावलेली बाई सरकारी दवाखान्यात जायचं टाळते आणि मेडिकलवाल्याकडून गोळ्या आणते. “आपल्या आया-बहिणींसाठी” ही हाकही तशीच. जी कोणाची आई-बहीण म्हणून ओळखीची नाही, तिचा हक्क त्या हाकेत बसत नाही. कोपऱ्यात गुडघ्यात डोकं घालून बसलेल्या बाईचं चित्र काढून टाका. काम करणारी, मोजणारी, बोट रोखून प्रश्न विचारणारी बाई दाखवा.

एकच गोष्ट तीन बोलींत तयार करा. मंडईसाठी एका मिनिटाचा ऑडिओ, मावशींच्याच तोंडी: “सातनंतर आम्ही कुठं जायचं? करारात दहा लिवलंय, आम्ही वाचून घेतलंय.” सोसायट्यांच्या ग्रुपसाठी दोन ओळी आणि एक फोटो. आणि कार्यालयासाठी निवेदन, एका पानात, असं काहीसं:

“विषय: मंडईलगतच्या सार्वजनिक स्वच्छतागृहाचा स्त्री विभाग करारातील वेळेप्रमाणे खुला ठेवणेबाबत. महोदय, उपरोक्त स्वच्छतागृहाचा स्त्री विभाग दररोज सायंकाळी ७ वाजता बंद केला जातो. माहिती अधिकारात प्राप्त कराराच्या प्रतीनुसार तो रात्री १० पर्यंत खुला असणे आवश्यक आहे. पाहणीच्या नोंदी व विक्रेत्यांच्या सह्या सोबत जोडल्या आहेत. तरी १५ दिवसांत आवश्यक कार्यवाही करून आम्हास लेखी कळवावे, ही विनंती.”

रागाचे शब्द निवेदनात घालू नका. राग योग्य आहे, तो सभेत आणि भाषणात असू दे. निवेदन हा पुढे पुरावा म्हणून दाखवायचा कागद आहे.

२०१५ चा एक आधार जोडायला विसरू नका. पुण्याच्याच ‘मिळून साऱ्याजणी’ मासिकाने केलेल्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातल्या महापालिकांना स्त्रियांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहांची योजना आखण्याचे निर्देश दिले आहेत. एका मासिकाने उचललेला विषय साऱ्या महापालिकांना लागू होणाऱ्या आदेशापर्यंत गेला. आपल्या कामाचा पल्ला कुठवर जाऊ शकतो हे यावरून कळतं.

पाचवी पायरी: पुण्यात बोलायचं कुठे

इन्स्टाग्राम लागतंच, पण त्यावर सगळी ताकद घालवू नका. मंडईतली मावशी तिथे नाही आणि आरोग्य निरीक्षकही तुमची रील पाहून कुलूप उघडणार नाही.

वर्तमानपत्रात महापालिकेचं बीट सांभाळणारा वार्ताहर हा तुमचा पहिला माणूस. प्रसिद्धिपत्रक एका पानाचं, पहिल्या दोन ओळींत काय, कुठे, कोणाची जबाबदारी. सोबत कराराच्या पानाचा फोटो. दुपारी तीन-चारच्या आत पाठवा, म्हणजे त्याला दुसऱ्या बाजूची प्रतिक्रिया घ्यायला वेळ मिळतो. नवी पेठेतल्या पत्रकार भवनात परिषद घ्यायची तर मंचावर विक्रेत्या बसवा आणि त्यांच्याशी आधी बोलून ठेवा की कोणते प्रश्न येतील. पाच पाहुण्यांची भाषणं नकोत. विद्यापीठाचं विद्यावाणी हे सामुदायिक रेडिओ केंद्र, स्थानिक केबलच्या बातम्या, रिक्षा संघटनांचे फलक, हेही मोजा. फ्लेक्स लावायचा तर आकाशचिन्ह व परवाना विभागाची परवानगी घ्या. विनापरवाना फ्लेक्सवर नियमपालनाची मागणी शोभत नाही.

पण पुण्याचं खरं माध्यम गणपती मंडळं आहेत. देखावा पाहायला जे कुटुंब रात्री बाहेर पडतं, ते चर्चासत्राला कधी येणार नाही. जिवंत देखाव्यांची संहिता आणि तालमी उत्सवाच्या कितीतरी आधी सुरू होतात, म्हणून मंडळाच्या कार्यकर्त्यांशी जूनमध्येच बोला. त्यांना भाषण देऊ नका, आठ-दहा मिनिटांचा प्रसंग लिहून द्या: रात्री आठची मंडई, कुलूप, आणि करार वाचायला शिकलेली बाई. कार्यकर्ते पुरुष आहेत म्हणून बाजूला ठेवू नका. उत्सवात रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या बायकांसाठी स्वच्छतागृह कुठे आहे, हा प्रश्न त्यांना स्वतःच्याच मांडवात रोज पडतो. उलट त्यांच्याकडून एक गोष्ट मागून घ्या: दर्शनाच्या दिवसांत मंडपाच्या फलकावर जवळच्या उघड्या स्वच्छतागृहाची दिशा.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतची हळदीकुंकवं ही दुसरी जागा. विधवा, परित्यक्ता, एकट्या, सगळ्यांना बोलावणारा समारंभ ठेवा आणि वाण म्हणून हेल्पलाइनचं कार्ड व सह्यांचा कागद द्या. काही घरांत याला विरोध होईल. तिथे हेरवाडचं उदाहरण कामाला येतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या या गावाच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून बाकीच्या गावांना तसं आवाहन केलं. बचत गटाच्या बैठकीत हे सांगितलं की बायका लगेच विचारतात, “मग आपल्या सोसायटीत ठराव का नाही?”

सहावी पायरी: दबाव आणि दिनदर्शिका

निवेदन दिलं की आवक क्रमांक घ्या. शिक्का आणि तारीख असलेली पोच नसेल, तर कार्यालयाच्या दृष्टीने निवेदन दिलेलंच नाही. पंधरा दिवसांनी त्या क्रमांकाचा उल्लेख करून स्मरणपत्र, मग वरच्या अधिकाऱ्याला प्रत, मग लोकप्रतिनिधीकडे. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांसाठी ५० टक्के आरक्षण आहे. नगरसेविकेकडे जाल तेव्हा तिच्या पतीशी नव्हे, तिच्याशी बोला. पत्र तिच्या नावाने द्या, फोटोतही तिला मधे ठेवा.

शिष्टमंडळात विक्रेतीच बोलेल असं ठरवा. “साहेब, मी तीस वर्षं इथं बसते” या वाक्याला कार्यालयात जे वजन आहे, ते आपल्या सादरीकरणाला नाही. पण तिचा अर्धा दिवस जातो, म्हणजे रोजचा धंदा बुडतो. भेटीची वेळ दुपारची मागा, गाळ्यावर बसायला आपल्यातली कोणी पाठवा, रिक्षाचे पैसे द्या आणि बुडालेली कमाई मोहिमेच्या खर्चात धरा. पोस्टर काढणाऱ्या मुलीला आणि पथनाट्य करणाऱ्या मुलांनाही मानधन द्या. समानतेच्या कामातच बायकांच्या फुकट श्रमावर विसंबून राहणं मला मान्य नाही.

कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीकडून शिकण्यासारखं बरंच आहे. १९९३ पासून पुण्यात काम करणाऱ्या कचरावेचकांच्या या संघटनेतल्या बहुसंख्य सदस्य स्त्रिया आहेत. कचऱ्यात उघडे फेकलेले पॅड हाताने वेगळे करावे लागतात, हा त्यांचा रोजचा अपमान. २०१३ मध्ये त्यांनी वापरलेले पॅड उत्पादक कंपन्यांना परत पाठवले. मागणी नेमकी होती: विल्हेवाटीसाठी पिशवी द्या, जबाबदारी घ्या. पुढे घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांत उत्पादकांनी पॅडसोबत गुंडाळायला पाकीट द्यावं ही तरतूद आली. घराघरांतही त्यांनी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायची सवय लावण्याची मोहीम चालवली. कंपनीसाठी एक मागणी, नागरिकासाठी एक सोपी कृती, आणि दोन्ही ठिकाणी काम करणाऱ्या बाईचे हात केंद्रस्थानी.

आता महिन्यांकडे या. बहुतेक गट वर्षाची सगळी शक्ती ८ मार्चला लावतात. महापालिकेचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं आणि पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक त्याआधीच आकाराला आलेलं असतं. ८ मार्चला केलेली पैशांची मागणी वर्षभर उशिरा पोचते. पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांच्या सहभागाने अंदाजपत्रक ही पद्धत आहे. साधारण ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास क्षेत्रीय कार्यालयात अर्ज घेतले जातात. दिवा, कडी, पॅडसाठी डबा, उतार बांधणं अशी छोटी कामं तिथे घालायची. अर्जाची तारीख कार्यालयात जाऊन विचारून ठेवा, जाहिरात नजरेतून सुटते. मोठी रक्कम हवी असेल तर हिवाळ्यात, आयुक्तांचं अंदाजपत्रक तयार होत असताना आणि नंतर ते स्थायी समितीपुढे असताना बोला.

मग २५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर हा हिंसाविरोधी पंधरवडा नीट वापरता येतो. त्यातच २८ नोव्हेंबरला जोतीराव फुल्यांचा स्मृतिदिन येतो. समता भूमीवर, फुले वाड्यात, त्या दिवशी शहर येतं. तिथे सह्या घ्या. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, तेव्हा शाळांमध्ये मुलींच्या स्वच्छतागृहांची पाहणी मुलींकडूनच करून घ्या. १८४८ मध्ये भिडे वाड्यात शाळा सुरू झाली त्या शहरात हे मागताना ओशाळायचं कारण नाही. आणि ८ मार्चला हिशेब मांडा: काय मागितलं, काय मिळालं, कोणी सही केली, कोणी नाही.

विरोध आला तर

येतोच. ऑनलाइन शिवीगाळ झाली तर उत्तर देत बसू नका. स्क्रीनशॉट, लिंक आणि वेळ जपून ठेवा, धमकी असेल तर सायबर पोलिसांकडे तक्रार करा. मोहिमेचं खातं एकीच्या वैयक्तिक फोनवर नको, दोघींकडे असू द्या, म्हणजे एकीला काही दिवस बाजूला होता येतं. “पुरुषांचंही ऐका” म्हणणाऱ्यांना टाळू नका. रात्री उघडं, स्वच्छ, वृद्धांना चालेल असं स्वच्छतागृह त्यांच्या आईलाही लागतं आणि त्यांनाही. चर्चा मात्र बायकांचं कुलूप सोडून भलतीकडे जाऊ देऊ नका.

शेवटची पायरी: आदेश निघाल्यावर

लाइक, शेअर, हजेरी हे आकडे देणगीदाराला लागतात, ते लिहून द्या. पण तुमच्या वहीत वेगळे प्रश्न ठेवा. भाग दहापर्यंत उघडा राहतो का? स्त्री कर्मचारी नेमली का, आणि तिला पगार वेळेवर मिळतो का? मावशी दुपारनंतर पाणी पितात का? हा तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण उघडं असूनही घाण किंवा असुरक्षित असेल तर त्या जाणार नाहीत.

आदेशाची प्रत मागून घ्या आणि वेळांची पाटी बाहेर लावायला लावा. पाटी असली की पुढच्या वेळी तक्रार करायला संस्थेची गरज उरत नाही, कोणीही फोटो काढून पाठवू शकतं. ज्या निरीक्षकाने काम केलं त्याला लेखी आभारपत्र द्या, प्रत वरिष्ठांना. महिन्याभराने, तीन महिन्यांनी रात्री नऊला पुन्हा जा. ठेकेदार बदलला की वेळा गुपचूप मागे येतात.

सगळे कागद, पोच, पाहणीच्या नोंदी, वार्ताहरांचे नंबर आणि कोणाची कोणती संमती आहे याची यादी एका फायलीत ठेवा. संमतीची यादी कुलपात, बाकीचं सगळ्यांना वाचता येईल असं. संस्थेत प्रचाराचं काम करणारी मुलगी वर्ष-दोन वर्षांत बदलते, आणि तिच्याबरोबर अनेकदा अख्खी मोहीम जाते. पुढचा विषय, तो बसथांब्यावरचा अंधार असो की पाळणाघर, त्याची पाहणी एप्रिलमध्ये सुरू करा. ऑगस्टमध्ये क्षेत्रीय कार्यालयात अर्ज घ्यायला लागतील तेव्हा माहिती अधिकाराचं उत्तर, आणि वेळ पडली तर अपिलाचा निकालही, तुमच्या हातात असेल.